सनरूफमधून पाणी गळतंय? नागपूरच्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पहिला सडाका पडला की सनरूफच्या तक्रारी सुरू होतात आणि पोळ्यापर्यंत थांबत नाहीत. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घरी काय करता येतं आणि कुठे हात लावू नये, दोन्ही सांगितलं आहे.

१. गाडी नवीकोरी आहे, तरी सनरूफमधून पाणी टपकून राहिलं. काच नीट बसली नाही का?

बहुतेक वेळा काचेचा दोष नसतो. काचेभोवतीचं रबर बरंचसं पाणी अडवतं, पण सगळं नाही, आणि सगळं अडवावं अशी त्याच्याकडून अपेक्षाही नसते. थोडं पाणी आत येणारच, हे धरूनच सनरूफ बनवलेलं असतं. म्हणून काचेच्या खाली चौफेर एक पन्हाळ असते, कौलारू घराच्या वळचणीला लावतात तशी. तिच्या कोपऱ्यांत भोकं असतात आणि भोकांना नळ्या जोडलेल्या असतात. पुढच्या नळ्या समोरच्या काचेच्या बाजूच्या पिलरमधून, म्हणजे छत पेलणाऱ्या खांबातून, खाली उतरतात, मागच्या नळ्या मागच्या पिलरमधून. पाणी शेवटी दाराच्या बिजागरीजवळ, चाकाच्या वरच्या पोकळीत किंवा मागच्या बंपरजवळ बाहेर पडतं.

पाणी आत टपकतं याचा अर्थ बहुधा एवढाच की एखादी नळी तुंबली आहे, सुटली आहे किंवा दबली आहे. पन्हाळ भरते आणि पाणी छताच्या लायनिंगवर सांडतं. त्यामुळे इलाज शोधताना पाणी कुठून शिरतं यापेक्षा ते बाहेर का जात नाही, हे आधी बघा. गाडी खरंच नवी असेल तर स्वतः काही उघडण्याआधी प्रश्न १३ वाचा.

२. आपल्याकडे मुंबई-कोकणासारखा पाऊस नाही. मग नागपुरात हा त्रास एवढा काहून?

त्रासाची तयारी आपला उन्हाळा करून ठेवतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानं झडतात आणि त्यामागोमाग त्याचा बारीक पांढरा मोहोर गळतो. सिव्हिल लाइन्स, रामदासपेठ, धरमपेठ अशा झाडांच्या वस्तीत रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची काच सकाळी मागे सरकवून पाहा. पन्हाळीच्या कोपऱ्यात या मोहोराचा चिमूटभर थर सापडेल. त्यावर सिमेंट रस्त्यांच्या कामांची धूळ बसते, आणि कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला वीज केंद्रांची राखही. जूनपर्यंत हे सगळं कोरडं असतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पहिल्या पावसात त्याचा चिखल होऊन थेट नळीच्या तोंडात बसतो.

दुसरं कारण ऊन. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. नवतपात उघड्यावर उभ्या गाडीचं छत हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. वर्षानुवर्षं असं तापून रबर कडक होतं, आक्रसतं आणि कोपऱ्यांत तडकतं. त्यामुळे पन्हाळीत येणारं पाणीही वाढतं. वाट अरुंद आणि पाणी जास्त, अशी दोन्हीकडून कोंडी होते.

३. पाणी सनरूफचंच आहे हे कसं ओळखायचं? एसीचंही असू शकतं ना?

असू शकतं, आणि या घोळात लोक विनाकारण छत उघडून बसतात. एसीचं पाणी स्वच्छ असतं, बहुधा ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाशी साचतं आणि मुख्य म्हणजे पाऊस नसतानाही येतं. मे महिन्यात फुटमॅट ओली झाली तर सनरूफला दोष देऊ नका, एसीची पाणी सोडणारी नळी तपासून घ्या.

सनरूफच्या पाण्याच्या खुणा वेगळ्या. छताच्या लायनिंगवर पिवळसर कडेचे डाग पडतात, पिलरच्या कव्हरवरून ओघळ येतात, मागच्या नळ्या तुंबल्या असतील तर डिक्कीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचतं. सगळ्यात बोलकी खूण म्हणजे पाऊस थांबल्यावर गाडी निघाली, सिग्नलला ब्रेक मारला आणि आरशाजवळच्या दिव्यातून एकदम धार लागली. तसं झालं तर पन्हाळ काठोकाठ भरली आहे आणि पुढच्या नळ्या बंद आहेत असं समजा.

तरी शंका असेल तर पाणी ओतून बघा. एकाला टॉर्च देऊन आत बसवा. दुसऱ्याने मगाने पाणी ओतायचं, पण खालून वर या क्रमाने. आधी समोरच्या काचेचा खालचा भाग, मग तिच्या कडा, मग छतावरच्या पट्ट्या आणि अँटेनाचं बूड, आणि सगळ्यात शेवटी सनरूफ. प्रत्येक जागी काही मिनिटं थांबा. सुरुवातच वरून केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. अँटेनाच्या बुडाचं रबर खराब झाल्यावर होणारी गळती हुबेहूब सनरूफसारखी दिसते, म्हणून ती जागा वगळू नका.

४. नळ्या घरच्या घरी साफ कशा करायच्या? नीट सांगा.

साहित्य साधं आहे. टॉर्च, मऊ टूथब्रश, मायक्रोफायबरचं फडकं, औषधाच्या दुकानात मिळणारी ५० मिलीची सुई नसलेली सिरिंज, आणि गवत कापायच्या यंत्रात असते ती गोल नायलॉनची दोरी, साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाडीची आणि दीड-दोन मीटर लांब. दोरीचं टोक आगपेटीच्या काडीवर किंचित वितळवून गोल करा, म्हणजे ते नळीला आतून टोचणार नाही. नायलॉन नसेल तर सायकलच्या ब्रेकची आतली तार चालते, पण तिचे सुटे धागे टोकाशी चिकटपट्टीने पक्के बांधा. लोखंडी तार, छत्रीची काडी, कपड्याच्या हँगरची सळई यांना हात लावू नका. नळी मऊ असते आणि उन्हाने जुनी झालेली नळी सहज फाटते.

गाडी सावलीत, सपाट जागी लावा. काच पूर्ण मागे घ्या, इंजिन बंद करा आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवा. घरात मुलं असतील तर हे फार महत्त्वाचं आहे. तुमची बोटं पन्हाळीत असताना कोणी बटण दाबलं तर काच दयामाया दाखवत नाही.

आधी पन्हाळ कोरडीच झाडून घ्या. कचरा भोकाकडे लोटू नका, उलट भोकापासून दूर ओढून उचला. मग ओल्या फडक्याने पुसा. आता पुढच्या कोपऱ्यांत टॉर्च मारा. साधारण पेन्सिलच्या जाडीचं भोक दिसेल. त्या कोपऱ्यात चहाच्या अर्ध्या कपाएवढं पाणी हळूहळू सोडा आणि गाडीखाली बघा. काही सेकंदांत त्या बाजूच्या पुढच्या चाकामागे किंवा दाराच्या बिजागरीपाशी धार लागली तर नळी मोकळी आहे. पाणी तसंच उभं राहिलं किंवा थेंबथेंब उतरलं तर ती तुंबली आहे. तुंबलेल्या नळीत आणखी पाणी ओतू नका, ते आतच सांडेल.

दोरी भोकात घाला आणि बोटांत फिरवत फिरवत पुढे सरकवा. वळणावर अडली तर थोडी मागे घेऊन पुन्हा फिरवा. जोर लावायचा नाही. अडथळा सुटला की हाताला कळतं, दोरी एकदम सैल जाते. ती बाहेर काढल्यावर टोकाला काळपट चिखल लागलेला दिसेल. त्यानंतर सिरिंजने कोमट पाणी थोडं थोडं सोडत राहा, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत.

बऱ्याच गाड्यांत नळीच्या खालच्या टोकाला रबराची चपटी चोच असते. बाहेरची धूळ आणि किडे आत जाऊ नयेत म्हणून ती दिलेली असते, पण चिखल तिथेच अडकतो. दार उघडून बिजागरीच्या फटीत बघा. हाताला लागली तर दोन बोटांनी दाबून मोकळी करा. कित्येकदा वरून दोरी घालायची गरजच पडत नाही, हा चिमटाच पुरतो. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर वरच्या भोकावर धरून कचरा ओढून घेणं हाही चांगला आणि सुरक्षित मार्ग आहे.

५. पुढची भोकं सापडली, मागची दिसतच नाहीत. काय करू?

काच मागे सरकली की ती मागच्या भोकांवरच येऊन बसते, म्हणून दिसत नाहीत. काच पूर्ण बंद करून नुसती मागून वर तिरकी उचला आणि फटीतून टॉर्च मारा. काही गाड्यांत तेवढ्याने कोपरा दिसतो. पॅनोरमिक सनरूफमध्ये, म्हणजे मागच्या सीटपर्यंत पसरलेल्या मोठ्या काचेच्या सनरूफमध्ये, मागची भोकं बहुधा लायनिंग उतरवल्याशिवाय हाताला लागत नाहीत. तिथे फक्त खालचं टोक साफ करा. मागच्या चाकाच्या वर किंवा बंपरच्या आतल्या बाजूला ते असतं. बाकीचं काम वर्कशॉपला द्या. लायनिंगला एकदा घडी पडली की ती जात नाही.

६. पंक्चरवाल्याकडच्या हवेने फुंकून घेतलं तर पाच मिनिटांत काम होईल ना?

नका करू. नळी दोन्ही टोकांना नुसती खोचलेली असते. कॉम्प्रेसरच्या हवेचा दाब टायरला लागणाऱ्या ३०-३५ पीएसआयपेक्षा कितीतरी जास्त असतो. चिखल घट्ट असेल तर तो हलत नाही, नळीच वरच्या नळकांड्यातून निसटते, आणि तीही लायनिंगच्या आत, जिथे दिसत नाही. मग तुंबलेल्या नळीच्या जागी सुटलेली नळी होते आणि प्रत्येक पावसात सगळं पाणी थेट गाडीत येतं. सायकलच्या हातपंपाने हलकी फुंकर मारायला हरकत नाही, पण तीही दोरी फिरवून झाल्यावर.

७. आम्ही सनरूफ वापरतच नाही. एम-सील किंवा सिलिकॉन लावून कायमचं बुजवून टाकू का?

हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो आणि उत्तर ठाम नाही असंच आहे. छत तापतं-थंडावतं तसं काच आणि पत्रा कमीजास्त प्रसरण पावतात, त्यामुळे भरलेला मसाला वर्षाच्या आत कुठेतरी सुटतो. तिथून शिरलेलं पाणी नळीपर्यंत पोचलं नाही तर पन्हाळीतच राहतं आणि आतून गंज धरतो. पुढे काच किंवा मोटर दुरुस्त करायची वेळ आली तर तो मसाला खरवडताना रंग निघतो. वापरायचं नसेल तर बंद ठेवा, पण नळ्या साफ करा. बंद सनरूफच्या पन्हाळीतही पाणी येतंच.

८. रबर बदलायची वेळ झाली हे कसं कळेल? त्याला तेल लावायचं का?

कागदाची पट्टी रबरावर ठेवून काच बंद करा आणि पट्टी ओढा. थोडा अडथळा जाणवला पाहिजे. सहज निसटली तर त्या जागी रबर दबलं आहे किंवा काच खाली-वर झाली आहे. चारही बाजूंना असं करून बघा, कोपरे सोडू नका. बोटाने दाबल्यावर रबर परत फुगत नसेल, किंवा वाकवल्यावर बारीक चिरा दिसत असतील, तर ते बदलायलाच हवं. ते तुमच्याच मॉडेलचं मागवा. दारासाठी मीटरवर मिळणारं बीडिंग इथे बसत नाही.

रबर चांगलं असेल तर गाडीच्या शॅम्पूने पुसून, पूर्ण वाळवून, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. बोटाला जाणवेल न जाणवेल इतकाच. खोबरेल, इंजिन ऑइल, चाकांचं ग्रीस, गंज सोडवायचे पेट्रोलियम स्प्रे यातलं काहीही नको. त्याने रबर फुगतं, सैल पडतं, आणि आपल्या धुळीत तर चिकट थर बसतो.

९. काच एका कोपऱ्यात छतापेक्षा वर दिसते. स्क्रू फिरवून बसवता येईल का?

येईल, पण आधी प्रश्न ४ आणि ८ मधलं सगळं करून झालेलं असू द्या. काचेच्या दोन्ही बाजूंना आतून, कव्हरच्या मागे, बहुतेक गाड्यांत चांदणीच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू असतात. सर्वसाधारण नियम असा की काचेची पुढची कड छताच्या बरोबरीने किंवा केसभर खाली असावी, आणि मागची कड बरोबरीने किंवा केसभर वर. केसभर म्हणजे फार तर एक मिलिमीटर. पुढची कड वर राहिली तर वारा शिट्टी मारतो. मूळ जागेचा फोटो काढा, स्क्रू नुसते सैल करा, काढू नका. एका वेळी एकच बाजू हलवा आणि पुन्हा कागदाची पट्टी लावून बघा. पॅनोरमिक सनरूफची मागची काच न उघडणारी असेल तर ती चिकटवलेली असते. तिला स्क्रूचा इलाज नाही, तिथली गळती काचवाल्याचंच काम आहे.

१०. नळ्या मोकळ्या आहेत, रबर चांगलं आहे, तरी पिलरमधून पाणी येतंच. आता?

नळी वरून किंवा मधूनच सुटलेली असण्याची शक्यता मोठी. खूण अशी की वरून ओतलेलं पाणी झटकन नाहीसं होतं, पण गाडीखाली तेवढं येत नाही. अर्धा कप ओता, खाली ताट धरा आणि किती जमा झालं ते बघा. तूट असेल तेवढं पाणी गाडीत राहिलं.

इथे मात्र थांबा. दारांच्या वर छताच्या कडेने पडद्यासारखी एअरबॅग घडी करून ठेवलेली असते आणि तिचा शेवट पिलरच्या कव्हरमागे येतो. यूट्यूब बघून कव्हर ओढणारे बरेच आहेत. क्लिप तुटून कव्हर सैल बसलं किंवा नळी एअरबॅगच्या आडवी गेली, तर अपघातात ती नीट उघडेलच याची खात्री राहत नाही. गळतीने गालिचा खराब होतो, एअरबॅगच्या चुकीने माणूस जाऊ शकतो. हे काम सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्या आणि नळी जागेवर बसल्यावर पाणी ओतून दाखवायला सांगा.

११. पावसात काही होत नाही, पण वॉशिंग सेंटरला धुतली की आत पाणी येतं.

प्रेशर वॉशरची धार जवळून थेट फटीवर मारली तर चांगलं रबरही वाकतं आणि पन्हाळीच्या काठावरून पाणी उडतं. पाऊस असा आडवा, एकाच रेषेत मारा करत नाही. धुणाऱ्या मुलाला सांगा, छतावर नोझल लांब धर, काचेच्या कडेवर रोखू नको. वर्षातून एकदा नळ्या तपासत असाल तर यासाठी वेगळं काही करायची गरज नाही.

१२. गालिचा भिजला, आता कुबट वास येतो. उन्हात दारं उघडी ठेवली तर जाईल?

वरून वाळेल, वास जाणार नाही. गालिच्याच्या खाली जाड फोम असतो आणि पाणी त्यात मुरून राहतं. दाराजवळची प्लॅस्टिकची पट्टी काढून गालिचा हाताने उचला, खाली जुनी वर्तमानपत्रं कोंबा आणि ओली होतील तशी बदलत राहा. ओल ओढणारा व्हॅक्यूम असेल तर उत्तम. मग गालिच्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवून टेबल फॅन लावा. पावसाळी हवेत बाहेरची दमट हवा आत घेऊन उपयोग नाही. इंजिन सुरू ठेवून काचा बंद करून, आतलीच हवा फिरवत एसी चालवला तर तो ओल ओढतो. हे उघड्या जागी करा, बंद गॅरेजमध्ये कधीही नाही. शेवटी खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी ओढून घ्या.

सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नका. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला असेल तर वाळवण्याच्या आधी इलेक्ट्रिशियन नव्हे, सर्व्हिस सेंटर गाठा.

१३. वॉरंटी किंवा विम्यातून खर्च मिळतो का?

वॉरंटी चालू असेल तर काहीही उघडण्याआधी गळतीचा व्हिडिओ काढा, तारखेसकट, आणि लेखी तक्रार नोंदवून जॉबकार्ड (तक्रार आणि काम लिहिलेला सर्व्हिस सेंटरचा कागद) घ्या. नळी कारखान्यातच नीट बसली नसेल तर तो दोष त्यांचा. नळी कचऱ्याने तुंबली असेल तर ती देखभाल समजली जाते आणि पैसे तुम्हालाच भरावे लागतात. गाडी दोन-तीनदा देऊनही गळत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोला. जिल्हा ग्राहक आयोगात कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, म्हणून प्रत्येक फेरीचं जॉबकार्ड जपून ठेवा.

विम्याचा नियम सोपा आहे. झीज आणि देखभालीचा अभाव यांना विमा लागू होत नाही, झाड पडून काच फुटली तर सर्वंकष पॉलिसीत लागू होतो.

१४. २०२३ च्या पुरात गाडीत पाणी शिरलं होतं, तेव्हापासून सनरूफ गळतं. संबंध आहे का?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हाच्या गाड्यांबद्दल हे अजून विचारतात. संबंध असू शकतो, पण उलट्या दिशेने. पुराचा गाळ नळीच्या खालच्या टोकातून वर चढतो आणि आत वाळून घट्ट होतो. अशा नळीत दोरी वरून घातली तर गाळ खाली आणखी ठासला जातो. आधी खालची चोच काढून तिथून सिरिंजने कोमट पाणी सोडा, तासभर भिजू द्या, मग वरून दोरी फिरवा.

१५. सपाट जागी काही नाही, गाडी उतारावर लावली की मात्र गळते. नळ्या तर साफ आहेत!

अपार्टमेंटच्या रॅम्पवर गाडी लावणाऱ्यांचा हा प्रश्न. नाक खाली असेल तर सगळं पाणी पुढच्या दोन भोकांवर येतं. त्यातलं एक जरी अर्धवट बंद असलं तरी सपाटीवर उरलेली तीन भोकं ते भागवून नेतात आणि उतारावर पितळ उघडं पडतं. म्हणून प्रश्न ४ मधली अर्ध्या कपाची चाचणी गाडी त्याच उतारावर उभी करून, प्रत्येक कोपऱ्यात वेगळी करा आणि पाणी उतरायला लागणारा वेळ दोन्ही बाजूंचा ताडून बघा. ज्या बाजूला जास्त वेळ लागतो ती नळी अजून साफ झालेली नाही.

१६. ऐन पावसात सनरूफ उघडं अडकलं तर?

आधी बंद करायचं बटण सोडू नका, दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. बॅटरी काढली-लावली असेल तर काच आपली जागा विसरते आणि अशा दाबण्याने पुष्कळ गाड्यांत पुन्हा शिकते. नाहीतर फ्यूज बघा, कोणता ते मॅन्युअलमध्ये असतं. काही गाड्यांत दिव्याच्या कव्हरमागे मोटरला अ‍ॅलन की लावून काच हाताने फिरवता येते. तेही जमलं नाही तर जाड प्लॅस्टिक छतावर पसरा, कडा दारांच्या आत घेऊन दारं लावा आणि वरून रंगाला न चिकटणारी पेंटरची चिकटपट्टी मारा. अशा अवस्थेत वर्धा रोडवर वेगात जाऊ नका, वारा प्लॅस्टिक उचलून मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर टाकेल.